कोडलेखनातील शैलीभेद आणि नामसंकेत

कोडलेखनातील शैलीभेद म्हणजे एकाच संगणक आज्ञावलीवर काम करणाऱ्या दोन किंवा अधिक व्यक्तींच्या लेखनपद्धतीत पडणारा फरक होय. आज्ञावलीतील ओळींची मांडणी, रिकाम्या जागा, कंसांचे स्थान, टिपांचे स्वरूप आणि व्हेरिएबल, फंक्शन, तक्ते इत्यादींना दिलेली नावे या सर्वांचा त्यात समावेश होतो. नावे कशी घडवावीत याविषयी ठरवून घेतलेल्या नियमांना नामसंकेत असे म्हणतात.

संगणकाच्या दृष्टीने यांपैकी बहुतेक फरक निरर्थक असतात. एखाद्या व्हेरिएबलचे नाव ‘क’ असले काय किंवा ‘थकबाकी_रक्कम’ असले काय, यंत्र तेच गणित करते. शैली आणि नामसंकेत हे माणसांमधील करार आहेत. आज लिहिलेला कोड उद्या दुसऱ्या कोणाला तरी वाचावा लागतो, दुरुस्त करावा लागतो. त्या वाचकाच्या सोयीसाठी ते केलेले असतात. मांडणीविषयीचे मतभेद आता मोठ्या प्रमाणात यंत्राकडे सोपवता येतात. नावांविषयीचे मतभेद मात्र बहुधा अर्थाविषयीचे असतात आणि ते चर्चेनेच सुटतात.

पार्श्वभूमी

संगणकाच्या आरंभीच्या काळात नावे ठेवण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान भाषेत नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नसे आणि ‘आय’ ते ‘एन’ या रोमी अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांकांसाठी राखीव मानली जात. गणितात अनुक्रमांकासाठी ही अक्षरे वापरण्याच्या प्रथेशी ते जुळणारे होते. कोबोल भाषेने तीस अक्षरांपर्यंतची नावे आणि शब्दांमध्ये संयोगचिन्ह वापरण्याची मुभा दिली. नावे लांब झाली, तशी ती निवडण्याची जबाबदारीही वाढली.

जेरल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथात अहंकारविरहित प्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली. आपला कोड म्हणजे आपल्या व्यक्तिमत्त्वाचा भाग, असे मानणारा प्रोग्रॅमर त्यातील दोष पाहू शकत नाही आणि इतरांनी दाखवलेले दोष त्याला अपमानासारखे वाटतात, असे त्या विचाराचे सार आहे. ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रकाशित आज्ञावल्यांतील उतारे घेऊन ते अधिक स्वच्छ कसे लिहिता येतील हे दाखवले आहे.

१९९०च्या दशकात केंट बेक यांनी मांडलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीत जोडीने प्रोग्रॅमिंग करणे, कोडची सामूहिक मालकी आणि समान कोडसंकेत या तीन गोष्टी एकमेकींना पूरक मानल्या आहेत. जोडीने काम करताना एक व्यक्ती कळफलकावर लिहिते आणि दुसरी शेजारी बसून विचार करते, चुका दाखवते. ठरावीक वेळाने भूमिका बदलतात. दोघांच्या सवयी भिन्न असतील तर त्याच फंक्शनमध्ये दर अर्ध्या तासाला शैली बदलत जाते. म्हणूनच या पद्धतीत समान संकेत ही पूर्वअट ठरते.

माहिती तंत्रज्ञान सेवाक्षेत्रात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसपासून पुढे वाढलेल्या या व्यवसायात एका गटाने लिहिलेली आज्ञावली वर्षानुवर्षे दुसऱ्या गटाने सांभाळणे हे नित्याचेच काम आहे. मूळ लेखक अशा वेळी शंका विचारण्यासाठी उपलब्ध नसतो आणि त्याने ठेवलेली नावे हाच त्याचा मागे राहिलेला खुलासा असतो.

मांडणीविषयक भेद

मांडणीतील सर्वांत परिचित वाद ओळीच्या आरंभीच्या समासाविषयी आहे. तो टॅबने सोडावा की रिकाम्या जागांनी, आणि किती रुंद असावा, याबाबत प्रत्येक समुदायाचा पायंडा वेगळा आहे. लिनक्स गाभ्याच्या शैलीपत्रकात टॅब वापरला जातो व त्याची रुंदी आठ अक्षरे धरली जाते. पायथॉन भाषेच्या ‘पेप ८’ या शैलीपत्रकात प्रत्येक पायरीसाठी चार रिकाम्या जागा सुचवल्या आहेत. गो भाषेचे अधिकृत साधन टॅब वापरते.

दुसरा वाद महिरपी कंसाच्या जागेचा आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या ग्रंथामुळे रूढ झालेल्या शैलीत अटीच्या ओळीच्या शेवटीच कंस उघडतो. एरिक ऑलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत तो स्वतंत्र ओळीवर उघडतो. पहिल्या शैलीत पडद्यावर अधिक ओळी मावतात. दुसरीत उघडणारा आणि मिटणारा कंस एकाच उभ्या रेषेत येतो. दोन्हींच्या बाजूने दिले जाणारे युक्तिवाद खरे आहेत आणि म्हणूनच हा वाद युक्तिवादाने संपत नाही.

असे भेद वरवरचे वाटले तरी एकाच फाइलमध्ये ते मिसळले की व्यावहारिक अडचण निर्माण होते. एका सहलेखकाच्या संपादक आज्ञावलीने फाइल साठवताना सर्व समास बदलले, तर आवृत्तिनियंत्रण प्रणालीत शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. त्यांतील एकच ओळ खऱ्या अर्थाने बदललेली असेल तर ती शोधणे कठीण होते आणि तपासणी करणाऱ्याच्या नजरेतून चूक निसटते.

नामसंकेतांचे प्रमुख प्रकार

बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत नावामध्ये रिकामी जागा चालत नाही. त्यामुळे अनेक शब्दांचे नाव कसे जोडावे हा प्रश्न पडतो. त्याची प्रचलित उत्तरे पुढीलप्रमाणे आहेत.

कॅमल केस : पहिला शब्द लहान लिपीत लिहून पुढील प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत लिहिले जाते. मधली मोठी अक्षरे उंटाच्या मदारीप्रमाणे वर आलेली दिसतात, म्हणून हे नाव पडले. जावा व जावास्क्रिप्ट या भाषांत फंक्शन आणि व्हेरिएबलसाठी हा संकेत रूढ आहे.

पास्कल केस : यात पहिल्या शब्दाचे आद्याक्षरही मोठे असते. अनेक भाषांत वर्गांची म्हणजे क्लासची नावे अशी लिहितात.

स्नेक केस : सर्व शब्द लहान लिपीत लिहून मध्ये अधोरेषा दिली जाते. पायथॉन, रुबी आणि रस्ट या भाषांत फंक्शन व व्हेरिएबलसाठी हा संकेत आहे.

केबाब केस : शब्द संयोगचिन्हाने जोडले जातात. लिस्प कुलातील भाषा आणि सीएसएसमध्ये तो आढळतो. ज्या भाषांत तेच चिन्ह वजाबाकीसाठी वापरतात, तेथे तो चालत नाही.

हंगेरियन संकेत : मूळचे हंगेरीतील असलेले चार्ल्स सिमोनी यांनी तो मांडला. यात नावाच्या आरंभी त्या मूल्याचा प्रकार सांगणारी अक्षरे जोडतात. ‘प्रकार’ म्हणजे मूल्याची भूमिका, उदाहरणार्थ ते ओळीचा क्रमांक आहे की स्तंभाचा, असा सिमोनी यांचा मूळ रोख होता. पुढे त्याचा अर्थ केवळ पूर्णांक, अक्षरमाला असा तांत्रिक प्रकार असा घेतला जाऊ लागला. ही माहिती संगणकाला आधीच असल्यामुळे संकेत निरुपयोगी वाटू लागला आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट मार्गदर्शिकेत तो टाळण्याची सूचना आली.

यांपैकी कोणता संकेत वाचायला सोपा आहे याचे प्रयोगही झाले आहेत. २००९ साली बिंकली व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात कॅमल केसमधील नावे अधिक अचूकपणे ओळखली गेली. २०१० साली शरीफ आणि मॅलेटिक यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून केलेल्या अभ्यासात अचूकतेत फरक आढळला नाही आणि अधोरेषा असलेली नावे अधिक वेगाने ओळखली गेली. वाचकाची सवय हा या निष्कर्षांतील महत्त्वाचा घटक आहे. एका संकेताचे निर्विवाद श्रेष्ठत्व त्यांतून सिद्ध होत नाही.

नावांवर एकमत का होत नाही

शब्द कसे जोडावेत हे ठरले तरी कोणते शब्द घ्यावेत हा प्रश्न उरतो आणि तो अधिक अवघड आहे. १९८७ साली जॉर्ज फर्नस व सहकाऱ्यांनी दाखवले की, दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीसाठी स्वयंस्फूर्तीने एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षा कमी असते. ड्रोर फायटेल्सन व सहकाऱ्यांनी पुढे खास प्रोग्रॅमिंगमधील नावांविषयी ३३४ जणांवर प्रयोग केला. एकाच प्रसंगात दोन व्यक्तींनी तंतोतंत एकच नाव निवडण्याच्या शक्यतेचा मध्यक केवळ ६.९ टक्के आढळला.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. एखादे नाव निवडले गेल्यानंतर ते बहुतेकांना समजते. याचा अर्थ असा की, सहलेखकाने आपण निवडले असते तेच नाव निवडले नाही यात काहीही नवल नाही आणि ते त्याच्या अडाणीपणाचे वा हट्टाचे लक्षणही नव्हे. मतभेद हीच अपेक्षित स्थिती आहे. एकमत हे प्रयत्नाने घडवावे लागते.

उदाहरण : गृहनिर्माण संस्थेची आज्ञावली

काळाचौकी हा लालबाग आणि कॉटन ग्रीन यांच्यालगतचा, मध्य मुंबईतील गिरणगावाचा भाग आहे. तेथील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी दोन व्यक्ती मिळून देखभाल शुल्काची आज्ञावली लिहीत आहेत, असे कल्पू. एक सदस्यांची नोंदवही सांभाळणारा भाग लिहिते, दुसरी मासिक देयके तयार करणारा.

पहिला भेद शब्दांचा पडतो. राहत्या जागेसाठी नोंदणीच्या कागदपत्रांत ‘सदनिका’, म्हाडाच्या कागदपत्रांत ‘गाळा’, चाळीतून आलेल्या रहिवाशांच्या बोलण्यात ‘खोली’ आणि इंग्रजी देयकावर ‘फ्लॅट’ असे शब्द असतात. चारही शब्द आज्ञावलीत शिरले, तर तिसऱ्या वाचकाला ही चार वेगवेगळी माहिती आहे असे वाटू शकते. शब्दकोशात जे समानार्थी, ते आज्ञावलीत समानार्थी राहत नाहीत.

दुसरा भेद अर्थाचा असतो आणि तो धोक्याचा असतो. दोघी आपापल्या भागात ‘बॅलन्स’ हे नाव वापरतात. पहिलीच्या मनात त्याचा अर्थ ‘शिल्लक’, म्हणजे सदस्याची संस्थेकडे जमा असलेली रक्कम. दुसरीच्या मनात ‘बाकी’, म्हणजे सदस्याकडून येणे असलेली रक्कम. एका सदस्याने ५०० रुपये आगाऊ भरले आहेत आणि मासिक शुल्क २,००० रुपये आहे. देयक १,५०० रुपयांचे हवे. पण नोंदवहीतील ५०० ही संख्या देयकाच्या भागात ‘बाकी’ म्हणून मिळवली जाते आणि देयक २,५०० रुपयांचे निघते. आज्ञावली कोठेही थांबत नाही, कोणतीही चूक दाखवत नाही. नियमितपणे आगाऊ पैसे भरणारा सदस्य थकबाकीदार ठरतो आणि चुकीचा शोध नोटीस लागल्यावर सुरू होतो.

येथे नावाची शैली दोघींनी सारखी ठेवली होती. नावही एकच होते. संकेतांचे तंतोतंत पालन होऊनही घात झाला, कारण शब्दाचा अर्थ ठरवलेला नव्हता. ‘आगाऊ_जमा’ आणि ‘येणे_बाकी’ अशी दोन स्पष्ट नावे ठेवली असती, तर चुकीची बेरीज वाचतानाच डोळ्यांना खटकली असती. रक्कम रुपयांत आहे की पैशांत, हेही ‘शुल्क_पैशांत’ अशा नावातून सांगता येते.

एरिक इव्हान्स यांनी २००३ साली ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या ग्रंथात मांडलेली सर्वव्यापी भाषेची संकल्पना याच प्रश्नाशी निगडित आहे. ज्या क्षेत्रासाठी आज्ञावली लिहायची त्या क्षेत्रातील जाणकार आणि प्रोग्रॅमर यांनी एकच शब्दसंग्रह ठरवावा आणि तोच बोलण्यात, दस्तऐवजांत व कोडमध्ये वापरावा, असे त्यात सांगितले आहे. वरील उदाहरणात तो जाणकार म्हणजे संस्थेचा हिशेब ठेवणारा खजिनदार होय.

मराठी शब्द आणि देवनागरी लिपी

मराठी भाषक प्रोग्रॅमरांसमोर आणखी एक निवड असते : क्षेत्रातील मराठी संज्ञा इंग्रजीत भाषांतरित कराव्यात, रोमी लिपीत जशाच्या तशा लिहाव्यात की देवनागरीतच ठेवाव्यात. सातबारा, फेरफार, वर्गणी यांसारख्या संज्ञांना नेमका इंग्रजी प्रतिशब्द नसतो. दोन सहलेखकांनी केलेली दोन भाषांतरे जुळत नाहीत आणि मूळ संज्ञेकडे परतण्याचा मार्गही हरवतो.

रोमी लिपीत लिहिल्यास वर्णभेद पुसले जातात. स्वरचिन्हांशिवाय लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ‘कला’, ‘काळा’ आणि गोपाळकाल्यातील ‘काला’ हे तिन्ही शब्द एकाच चार रोमी अक्षरांनी लिहिले जातात, कारण त्यात ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दिसत नाहीत आणि ‘ल’ व ‘ळ’ यांतला फरकही राहत नाही. उलट एकाच शब्दाची अनेक रोमी रूपेही होतात. ‘काळाचौकी’ हे नाव एक शब्द म्हणून वा दोन शब्द म्हणून, ‘चौ’ साठी ‘ए-यू’ वा ‘ओ-डब्ल्यू’ वापरून आणि अखेरीस ‘आय’ किंवा ‘आय-ई’ ठेवून लिहिता येते. पत्त्यांच्या यादीत अशी रूपे मिसळली तर संगणकाला एका वस्तीच्या जागी अनेक वस्त्या दिसतात.

देवनागरीचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या काही भाषांत उपलब्ध आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३.० पासून त्या भाषेत ‘थकबाकी’ किंवा ‘एकूण_रक्कम’ ही नावे वैध आहेत. तथापि, रूढ नामसंकेत रोमी लिपीला गृहीत धरून घडलेले असल्यामुळे काही अडचणी येतात.

देवनागरीत लहान व मोठी लिपी असा भेद नाही. त्यामुळे कॅमल केस आणि पास्कल केस यांना तेथे आधारच उरत नाही. अधोरेषेचा संकेत तेवढा लागू पडतो. गो भाषेत ही केवळ शैलीची बाब राहत नाही. तेथे नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत असेल तरच ते नाव आपल्या पॅकेजबाहेर वापरता येते. शिवाय गो भाषेत नावामध्ये युनिकोडमधील अक्षरे व अंक चालतात, पण जोडचिन्हे चालत नाहीत आणि देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी ही जोडचिन्हे मानली जातात. परिणामी ‘रकम’ हा शब्द त्या भाषेत चालतो, ‘थकबाकी’ चालत नाही. गो भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत ही मर्यादा देवनागरीचा उल्लेख करून मान्य केली आहे.

एकसारखी दिसणारी पण संगणकासाठी भिन्न असणारी रूपे हीदेखील अडचण आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही लिहिता येते. मराठीतील अर्धा ‘ऱ्’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होतो आणि त्यांपैकी एका पद्धतीत न दिसणारे जोडवर्ण असते. दोन सहलेखकांचे कळफलक वेगळे असतील तर डोळ्यांना सारखे दिसणारे नाव संगणकाला सापडत नाही.

‘पेप ८’ मध्ये पायथॉनच्या प्रमाण ग्रंथालयातील नावे रोमी लिपीत असावीत असा नियम असून ती शक्यतो इंग्रजी शब्दांची असावीत असे म्हटले आहे. जगभरातून सहभागी होणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पात ही अट समजण्यासारखी आहे. वर्गातील अध्यापनासाठी किंवा स्थानिक कारभारासाठी लिहिलेल्या, मराठी वाचकांपुरत्या आज्ञावलीत वेगळा निर्णय योग्य ठरू शकतो. तो निर्णय काम सुरू होण्यापूर्वी आणि सर्वांसाठी एकच झालेला असणे आवश्यक असते.

परिणाम दाखवणाऱ्या घटना

शैली आणि संकेत यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याने घडलेल्या चुकांची दोन उदाहरणे विशेष प्रसिद्ध आहेत.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या सुरक्षित जोडणीच्या आज्ञावलीतील गंभीर दोष दुरुस्त केला. अटीनंतर लिहिलेली ‘गोटू फेल’ ही ओळ तेथे चुकून दोनदा आली होती. अटीखालील ओळी महिरपी कंसात घेतलेल्या नव्हत्या. दुसरी ओळही समास सोडून लिहिलेली असल्यामुळे ती अटीच्या अधीन आहे असे वाचणाऱ्याला भासे. प्रत्यक्षात ती नेहमीच अमलात येई आणि पुढील पडताळणी वगळली जाई. एका ओळीच्या अटीलाही कंस घालावाच, या नियमाच्या समर्थनार्थ ही घटना वारंवार सांगितली जाते.

दुसरी घटना अवकाश संशोधनातील आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. लॉकहीड मार्टिन कंपनीची भूस्थित आज्ञावली आवेगाची मूल्ये पाउंड-बल-सेकंद या एककात देत होती. ती वापरणारा जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचा गट ती न्यूटन-सेकंदात आहेत असे धरून चालला होता. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. चौकशीत एककांच्या चुकीसोबतच गटांमधील संवादाच्या आणि तपासणीच्या त्रुटीही नोंदवल्या गेल्या. एकक नावातच लिहिण्याची सवय अशा प्रसंगी उपयोगी पडते. संख्येच्या अंगावर एकक लिहिलेले नसते. ते नावातून किंवा प्रकारातून सांगावे लागते.

मतभेद मिटवण्याच्या पद्धती

शैलीपत्रक : प्रकल्पाचे नियम लेखी स्वरूपात नोंदवणे हा सर्वांत जुना उपाय आहे. गिडो व्हान रॉसम आणि बॅरी वॉर्सॉ यांनी जुलै २००१ मध्ये तयार केलेले ‘पेप ८’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. संपूर्ण प्रकल्पातील सुसंगती महत्त्वाची आणि एका फाइलमधील वा फंक्शनमधील सुसंगती त्याहून महत्त्वाची, असा क्रम त्यात दिला आहे. नियम पाळल्याने कोड वाचायला कठीण होत असेल तर नियम बाजूला ठेवण्याची मुभाही त्यातच आहे.

स्वयंचलित तपासणी : बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी ‘लिंट’ हे साधन तयार केले. कोडमधील संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनांना आजही त्याच्याच नावावरून लिंटर म्हणतात.

स्वयंचलित मांडणी : गो भाषेसोबत आलेल्या ‘गोफमट’ या साधनाने मांडणीचा प्रश्न चर्चेच्या कक्षेबाहेर नेला. वापरणाऱ्याला निवडीचे पर्याय जवळजवळ न देणे हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. त्याच धर्तीवर जावास्क्रिप्टसाठी २०१७ साली ‘प्रेटिअर’ आणि पायथॉनसाठी २०१८ साली ‘ब्लॅक’ ही साधने आली. अशा साधनाची शैली कोणालाच पूर्णपणे आवडत नाही; मात्र दोघांपैकी कोणाचाही विजय वा पराभव होत नाही, म्हणून ती दोघांना मान्य होते.

नावांची यादी : नावांसाठी असे साधन पुरेसे नसते. ‘आगाऊ_जमा’ हे नाव स्नेक केसमध्ये आहे की नाही हे यंत्र सांगू शकते. ती रक्कम खरोखर आगाऊ जमा आहे का, हे सांगू शकत नाही. म्हणून क्षेत्रातील संज्ञा, तिचा एका वाक्यातील अर्थ, एकक आणि धन-ऋण चिन्हाचा अर्थ यांची छोटी यादी दोघांनी मिळून करणे उपयुक्त ठरते. फायटेल्सन व सहकाऱ्यांनी नावासाठी तीन पायऱ्या सुचवल्या आहेत : नावात कोणत्या संकल्पना याव्यात हे ठरवणे, प्रत्येक संकल्पनेसाठी शब्द निवडणे आणि त्या शब्दांची रचना करणे. या पद्धतीने ठेवलेली नावे आधीच्या नावांपेक्षा सरस असल्याचा कौल परीक्षकांनी दोनास एक या प्रमाणात दिला.

नावात बदल

चुकीचे नाव दुरुस्त करणे नेहमीच सोपे नसते. वेबवरील दुवा कोठून आला हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ या शीर्षकाच्या इंग्रजी वर्णलेखनात एक ‘आर’ गळाला होता. १९९६ सालच्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तो तसाच राहिला. तोवर असंख्य आज्ञावल्यांनी ते रूप स्वीकारले होते, म्हणून ती चूक आजही प्रमाण आहे. पुढे त्याच विषयाशी संबंधित ‘रेफरर-पॉलिसी’ हे नवे शीर्षक मात्र शुद्ध रूपात आले. परिणामी एकाच प्रणालीत दोन्ही वर्णलेखने नांदतात.

मुंबईच्या रहिवाशांना ही स्थिती अपरिचित नाही. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे इंग्रजीतही मुंबई झाले, तरी विमानतळाचे तीन अक्षरी संकेतनाम ‘बीओएम’ असेच राहिले. उलट व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली ‘महाराज’ हा शब्द जोडल्यावर स्थानकाचे संकेतनाम ‘सीएसएमटी’ झाले. पहिल्या प्रकारात माणसांसाठीचे नाव बदलले आणि यंत्रांसाठीचे स्थिर राहिले. दुसऱ्यात दोन्ही बदलले.

आज्ञावलीत नाव बदलताना हे दोन्ही मार्ग वापरले जातात. तिसरा मार्ग म्हणजे नवे नाव सुरू करून जुने नाव काही काळ पर्यायी म्हणून चालू ठेवणे. संगणकांवरील कालविभागांच्या यादीत ‘एशिया/कोलकाता’ हे नाव आल्यावरही ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव चालू ठेवले गेले, त्यामुळे आधीच्या आज्ञावल्या बंद पडल्या नाहीत.

मर्यादा

शैलीविषयक नियमांचा अतिरेकही हानिकारक ठरू शकतो. कोडच्या तपासणीत सर्व वेळ समास आणि कंसांवर खर्च झाला तर तर्कातील चुका दुर्लक्षित राहतात. जुन्या प्रकल्पातील सर्व नावे केवळ नव्या संकेतासाठी एकदम बदलल्यास नवे दोष शिरण्याचा आणि बदलांचा इतिहास वाचणे कठीण होण्याचा धोका असतो. त्यामुळे ज्या भागात अन्य कारणाने काम करायचे आहे तेथेच नावे सुधारत जाणे अनेकदा श्रेयस्कर मानले जाते.

तसेच एकरूपता म्हणजे आकलन नव्हे. नियमानुसार मांडलेला, सर्व तपासण्यांत उत्तीर्ण झालेला कोडही दोन सहलेखकांनी दोन अर्थांनी लिहिलेला असू शकतो. म्हणून सहलेखकाने ठेवलेले एखादे नाव खटकले, तर ते बदलण्याआधी त्याचा त्याच्या मनातील अर्थ विचारणे हा या क्षेत्रातील सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. वरील उदाहरणातील देयकाची चूक तेवढ्याच एका प्रश्नाने टळली असती.